सांगलीतलं राहतं घर मुलांच्या नावावर करायचंय: बक्षीसपत्र की मृत्युपत्र?

विश्रामबागकर

नमस्कार मंडळी. माहिती सविस्तर देतो, म्हणजे उत्तरं नेमकी मिळतील.

विश्रामबागेत महापालिका हद्दीत दोन गुंठ्यांचा प्लॉट. १९९१ चं खरेदीखत वडिलांच्या एकट्याच्या नावावर, पैसेही त्यांच्याच पगारातले. १९९४ ला घर बांधलं. खाली पुढच्या बाजूला एक दुकानगाळा आहे, तो भाड्याने दिलाय. मागे आणि वर राहतं घर. कर्ज नाही. वडील ७६, आई ७१. अपत्यं तीन: मोठा मुलगा पुण्यात, मुलगी कराडला दिलेली (लग्न २००१), धाकटा अमेरिकेत. भांडण नाही, सगळ्यांचं बोलणं आहे.

वडिलांचा विचार असा की घर दोन्ही मुलांच्या नावावर व्हावं, मुलीला ठेवी द्याव्यात. मुलगीही तयार आहे, "आत्ताच हक्कसोड लिहून देते" म्हणते. एका एजंटाचा सल्ला: बक्षीसपत्र कच्चं असतं, मुलांच्या नावे सरळ खरेदीखत करा.

शिवाय तासगाव तालुक्यात गावठाणात जुनं घर आहे. ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर अजून आजोबांचंच नाव. ते १९७८ ला गेले. वडिलांना एक भाऊ, दोन बहिणी. त्यातला वडिलांचा हिस्सा याच दस्तात घालता येईल का?

खर्च किती, टॅक्स किती, आणि आधी काय करायचं, एवढं सांगा.

दस्तवाला

एजंटाला आधी चहा पाजून वाटेला लावा.

पोटच्या मुलाला खरेदीखत करून दिलं तर मुद्रांक खरेदीचा पूर्ण, बाजारमूल्यावर. वर वडिलांना भांडवली नफ्याचा कर. किंमत कमी दाखवली तरी आयकर खातं रेडी रेकनरची (सरकारी मूल्यदर तक्त्यातली) किंमत धरतं. आणि मुलाने पैसे खरंच दिलेत हे बँकेतून दिसायला हवं, नाहीतर तोच दस्त उद्या "बिनमोबदला, दिखाऊ" म्हणून कोर्टात उभा राहतो. नोंदवलेलं बक्षीसपत्र कच्चं नसतं. ते इतकं पक्कं असतं की तीच त्याची अडचण आहे. त्यावर वकील मंडळी बोलतीलच.

आता खर्च. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा मयत मुलाची बायको यांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क २०० रुपये. हे ऐकून लोक २०० रुपये खिशात घालून येतात आणि खिडकीवर घाम फुटतो. कारण स्थानिक संस्थेचा १ टक्का अधिभार माफ नाही. महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद, हद्द कुठलीही असो, तो बाजारमूल्यावर बसतो.

तुमच्या केसमध्ये दुसरी मेख म्हणजे तो गाळा. २०० रुपयांची सवलत "निवासी" मिळकतीला आहे. गाळ्याचं मूल्यांकन वेगळं निघतं आणि त्यावर रक्ताच्या नात्यातल्या बक्षिसाचा दर, म्हणजे ३ टक्के, लागतो. समजा, रेडी रेकनरने एकूण ६२ लाख झाले, त्यात घर ५० आणि गाळा १२. मग घराचे २०० अधिक ५०,००० अधिभार. गाळ्याचे ३६,००० अधिक १२,००० अधिभार. मिळून ९८,२००. नोंदणी फी आणि पानांप्रमाणे हाताळणी शुल्क वेगळं. नोंदणी फी काही झालं तरी ३०,००० च्या वर जात नाही.

गाळा लपवू नका. घरपट्टीच्या उताऱ्यावर "वाणिज्य" अशी नोंद असते आणि तो उतारा दस्ताला जोडावाच लागतो. नंतर तपासणीत निघालं तर कमी पडलेलं शुल्क दंडासकट भरावं लागतं.

सुनेच्या किंवा जावयाच्या नावे करायचा विचार डोक्यात असेल तर काढून टाका. सवलतीच्या यादीत फक्त मयत मुलाची बायको आहे. हयात मुलाच्या बायकोला पूर्ण शुल्क पडतं.

दस्ताची रीत अशी. मसुदा पक्का झाल्यावर नोंदणी विभागाच्या साइटवर पब्लिक डेटा एंट्री भरायची, क्रमांक मिळतो. ग्रासवर (सरकारी पैसे भरण्याच्या साइटवर) ई-चलन काढायचं. चलनावर देणाऱ्या-घेणाऱ्यांची नावं पॅनप्रमाणे बरोबर हवीत, एका अक्षरासाठी परत फिरावं लागतं. कार्यालयात वडील, दोन्ही मुलं, दोन साक्षीदार. सगळ्यांचे आधार, पॅन, मिळकत पत्रिका (सिटी सर्व्हेचा उतारा) किंवा सातबारा, चालू घरपट्टीची पावती, जुन्या खरेदीखताची प्रत. सही झाल्यापासून चार महिन्यांत नोंदणी व्हायला हवी. वडिलांना जिने चढवत नसतील तर दुय्यम निबंधक घरी येऊन नोंदणी करतात, त्याची फी आणि अर्ज वेगळा. नोंदणी झाली की सूची क्रमांक २ (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, इंडेक्स टू) लगेच मागून घ्या, पुढच्या सगळ्या टेबलांवर तीच विचारतात.

शाहूपुरी_सातारा

दस्तवाल्यांनी खर्चाचं चोख सांगितलंय. पण तुमच्या वडिलांच्या बाबतीत प्रश्न खर्चाचा नाही, ताब्याचा आहे.

नोंदवलेलं आणि मुलांनी स्वीकारलेलं बक्षीसपत्र वडिलांना नुसतं मन बदललं म्हणून मागे घेता येत नाही. त्या दिवसापासून ते स्वतःच्या घरात मुलांचे पाहुणे. मुलं चांगली आहेत हे मान्य, पण दस्त मुलांच्या स्वभावावर चालत नाही. उद्या एका मुलाच्या धंद्याचं कर्ज थकलं, तर त्याच्या नावावरचा अर्धा हिस्सा जप्तीला येऊ शकतो. दुर्दैवाने मुलगा आधी गेला, तर त्याचा हिस्सा त्याच्या बायको-मुलांकडे जातो, त्यात आई वाटेकरी असते, वडील पहिल्या वर्गाचे वारस नसतात. म्हणजे ज्याने घर बांधलं त्यालाच त्यातलं काही नाही.

तरीही बक्षीसपत्रच करायचं ठरलं तर दोन कलमं त्यात हवीतच. पहिलं, वडील आणि आई, दोघांनाही हयातीपर्यंत राहण्याचा आणि गाळ्याचं भाडं घेण्याचा हक्क. असा हक्क राखून, ताबा स्वतःकडे ठेवूनही बक्षीसपत्र वैध ठरतं, सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच ते स्पष्ट केलंय. दुसरं, "घेणाऱ्यांनी देणाऱ्याचा आणि त्याच्या पत्नीचा सांभाळ, औषधपाणी, मूलभूत गरजा भागवाव्यात या अटीवर हे बक्षीस" असं स्वच्छ वाक्य. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातलं कलम २३ याच वाक्यावर उभं आहे. साठी ओलांडलेल्या माणसाने सांभाळाच्या अटीवर दिलेली मिळकत, अट मोडल्यास न्यायाधिकरण रद्द ठरवू शकतं. आपल्याकडे ते काम प्रांताधिकारी बघतात, दिवाणी दाव्याइतकी वर्षं जात नाहीत. पण अट दस्तात दिसली पाहिजे. २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, अट नसेल तर हे कलम लागत नाही, असं सांगितलंय. २०२५ च्या निकालात न्यायालयाने कायद्याकडे ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे बघितलं हे खरं, पण उदारपणाच्या भरवशावर मसुदा लिहू नये. तयार साच्यातल्या मसुद्यात उलट "प्रेमापोटी, विनाअट, कोणत्याही दबावाशिवाय" असं छापून येतं. तो "विनाअट" शब्द आधी खोडा.

माझं मत: वडिलांनी मृत्युपत्र करावं. स्वकष्टार्जित मिळकत आहे, त्यामुळे कुणाला किती द्यायचं याला त्यांना मोकळीक आहे. मुद्रांक शुल्क शून्य, नोंदणी ऐच्छिक, केली तर फी १०० रुपये. हयात असेपर्यंत हवं तितक्या वेळा बदलता येतं.

मृत्युपत्र कुठे मोडतं तेही सांगतो, कारण चूक करणारा तेव्हा उत्तर द्यायला नसतो. दोन साक्षीदार हवेत, दोघांनीही वडिलांना सही करताना पाहिलेलं असावं (किंवा ही माझीच सही, असं वडिलांनी त्यांना सांगितलेलं असावं) आणि वडिलांसमोर स्वतः सही केलेली असावी. पुढे वाद झाला तर यातला किमान एक साक्षीदार कोर्टात उभा करावा लागतो. म्हणून वडिलांच्या वयाचे मित्र साक्षीदार घेऊ नका. चाळिशी-पन्नाशीतले, सांगलीतच राहणारे, ज्यांना घरातून काही मिळणार नाही असे दोघं घ्या. सहीच्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडा. ज्या मुलाला मिळणार त्यानेच वकील गाठला, त्यानेच टायपिंग करून आणलं, तोच नोंदणीला घेऊन गेला, असं चित्र कोर्टाला संशयास्पद वाटतं. ही पळापळ दुसऱ्या कुणीतरी करावी. मुलीला घरात हिस्सा का नाही याचं एक वाक्य लिहा: "तिला अमुक ठेवी दिल्या आहेत म्हणून." कारण न देता वगळलेला वारस हा दाव्याचा हुकमी मुद्दा होतो.

आईबद्दल मोघम लिहू नका. "पत्नीनंतर मुलांना" एवढंच लिहिलं तर पत्नी मालक की नुसती राहणारी, यावर पुढची पिढी वकिलांच्या फिया भरते. मालक कोण आणि कधीपासून, राहण्याचा हक्क कुणाला आणि कधीपर्यंत, हे दोन वेगळ्या वाक्यांत यावं. आणि नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. नोंदवलेलं मृत्युपत्रसुद्धा नंतरच्या साध्या, पण नीट साक्षांकित मृत्युपत्राने रद्द होतं, म्हणून शेवटचं कुठलं आणि ते कुठे ठेवलंय हे घरात माहीत असू द्या. सांगली-साताऱ्याच्या मिळकतीला प्रोबेट (मृत्युपत्रावर कोर्टाची मोहोर) सक्तीचं नाही. तरी कुणी हरकत घेतली तर महसुलाचं टेबल हात वर करतं आणि दिवाणी कोर्टात जावंच लागतं.

आता मुलीचं "आत्ताच हक्कसोड". वडील हयात असताना त्यांच्या स्वकष्टार्जित घरात मुलीला हक्कच नाही, मग ती सोडणार काय? पुढे वारसा मिळेल ही नुसती आशा. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ६(अ) प्रमाणे ती हस्तांतरित करता येत नाही. असा कागद लोक हौसेने नोंदवतात आणि वडिलांच्या पश्चात तो हातात धरून बसतात. हक्कसोडपत्र वडिलांच्या मृत्यूनंतरच. मृत्युपत्र असेल तर त्याची गरजही नाही.

कृष्णाकाठ

वर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मुलीचं लग्न २००१ चं, म्हणजे मुलींना हक्क देणाऱ्या २००५ च्या कायद्याआधीचं, तिला तसाही हक्क नाही ना? आणि सोसायटीचा प्लॉट असेल तर नॉमिनेशन केलं की काम संपलं.

शाहूपुरी_सातारा

दोन्ही चूक, आणि दोन्ही गैरसमज पारावर पक्के बसलेत.

२००५ ची दुरुस्ती वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतल्या जन्मसिद्ध हक्काबद्दल आहे, आणि तिथेही मुलीचं लग्न कधी झालं याला किंमत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ११ ऑगस्ट २०२० च्या निकालाने वडील २००५ ला हयात होते की नव्हते हा मुद्दाही निकालात निघाला. अपवाद आहे तो २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीने किंवा कोर्टाच्या हुकमाने झालेल्या वाटपाचा. विश्रामबागेतलं घर तर स्वकष्टार्जित. वडील मृत्युपत्र न करता गेले तर हिंदू वारसा कायद्याच्या कलम ८ प्रमाणे बायको आणि तिन्ही अपत्यं, चौघांना सारखा पाव-पाव हिस्सा. मुलीचा हा हिस्सा १९५६ पासून आहे.

नॉमिनी हा सोसायटीने कुणाशी बोलायचं ते ठरवण्यापुरता. मालकी वारसांचीच.

याला जोडून एक. दस्त लिहिताना "आमची वडिलोपार्जित मिळकत" असं सवयीने लिहिलं जातं. स्वतःच्या पगारातून घेतलेल्या घराला तो शब्द लावला की वडिलांचं एकट्याचं हवं त्याला द्यायचं स्वातंत्र्यच वादात येतं. १९९१ च्या खरेदीखताचा दस्त क्रमांक देऊन "स्वकष्टार्जित" लिहा.

विश्रामबागकर

मनापासून आभार. वडिलांना वाचून दाखवलं, "विनाअट खोडा" ऐकून त्यांनी मान डोलावली. आता टॅक्सचं आणि सिटी सर्व्हेचं कुणी सांगेल का? पुण्याच्या मुलाचा विचार पुढे-मागे विकण्याचाही आहे.

आकडेमोड

घर मुलांकडे जाताना आयकर नाही, बक्षीस असो वा वारसा. आपल्याकडे मृत्यूनंतरचा संपदा शुल्क १९८५ ला गेला, बक्षीस कर १९९८ ला गेला. जवळच्या नातलगाकडून मिळालेलं बक्षीस घेणाऱ्याचं उत्पन्न धरत नाहीत, रकमेला मर्यादा नाही. देणाऱ्यालाही भांडवली नफा नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू, त्यामुळे कलमांचे जुने क्रमांक बदललेत. सीएशी बोलताना क्रमांकापेक्षा मुद्दा सांगा.

कर बसतो तो नंतर, दोन ठिकाणी.

एक, गाळ्याचं भाडं. बक्षीसपत्रानंतर भाडं मुलांचं उत्पन्न. निवृत्त वडिलांना त्यावर कदाचित काहीच कर नव्हता, पुण्यातला नोकरदार मुलगा वरच्या टप्प्यात असेल तर ३० टक्के प्रमाणित वजावटीनंतर उरलेल्यावर त्याच्या दराने भरणार. म्हणजे सरळ तोटा. भाडं घेण्याचा हक्क वडिलांकडे राखायचा असेल तर भाडेकरूलाही तसं पत्र द्या आणि पैसे वडिलांच्याच खात्यात येऊ द्या. सुनेला हिस्सा दिला तर त्यातून येणारं भाडं उलट वडिलांच्याच उत्पन्नात मिळवलं जातं. हातात काही नाही आणि कर आपल्याला.

दोन, विक्री. मुलाने विकलं तर खरेदी किंमत आणि मालकीचा काळ वडिलांचाच धरतात. २००१ पूर्वीची मिळकत, म्हणून १ एप्रिल २००१ चं बाजारमूल्य धरता येतं. मान्यताप्राप्त मूल्यांककाचा अहवाल हवा, आणि ते त्या वेळच्या मुद्रांक मूल्यापेक्षा जास्त धरता येत नाही. वडील आहेत तोवर हा अहवाल करून ठेवा. १९९४ चं बांधकाम किती चौरस फूट, वरचा मजला कधीचा, हे तेच सांगू शकतात.

२३ जुलै २०२४ पासून दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के, महागाई निर्देशांकाशिवाय. त्या तारखेपूर्वी मिळवलेल्या जमीन-इमारतीला भारतात राहणाऱ्या व्यक्तीला जुना पर्याय खुला आहे: निर्देशांक लावून २० टक्के, यातला कमी तो कर. २०२५-२६ चा निर्देशांक ३७६ (२००१-०२ चा १००). समजा, २००१ ला मूल्य १० लाख होतं. ७० लाखाला विकलं, तर जुन्या पद्धतीने ७० वजा ३७.६०, म्हणजे ३२.४० लाखांवर २० टक्के, ६.४८ लाख. नव्याने ६० लाखांवर १२.५ टक्के, ७.५० लाख. पण १ कोटीला विकलं तर जुनं १२.४८ आणि नवं ११.२५. गणित करून बघा, विक्री किंमत २००१ च्या मूल्याच्या ८.३६ पटीच्या आत असेल तोवर जुनी पद्धत स्वस्त, त्यावर नवी. ४ टक्के उपकर दोन्हीकडे वेगळा.

इथे खाच आहे. घर मुलाकडे आता आलं तर त्याने ते "मिळवलं" कधी, वडिलांच्या तारखेला की बक्षीसपत्राच्या, यावर वाद घालायला जागा राहते. वडिलांनी स्वतः विकून पैसे दिले तर तो प्रश्नच येत नाही. विक्री खरंच दोन-तीन वर्षांत ठरलेली असेल तर आधी बक्षीसपत्र करून मग विकणं हे अधिभाराचे पैसे घालवून प्रश्न विकत घेणं आहे. शिवाय नफ्यातून दुसरं घर घेऊन मिळणारी सूट राहत्या भागापुरतीच मिळते; गाळ्याचा नफा त्यात बसत नाही, तो वेगळा काढावा लागतो.

पुण्याच्या मुलाने आणखी एक बघावं. त्याचं पुण्यात एक घर असेल तर सांगलीतलं दुसरं. स्वतःच्या वापरातली दोन घरं करमुक्त धरता येतात, तिसऱ्यावर काल्पनिक भाडं लागतं. पण शेअर किंवा प्लॉट विकून त्या पैशातून घर घेऊन सूट मिळवायची असेल, तर विक्रीच्या दिवशी नावावर एकापेक्षा जास्त घरं असली की ती सूट जाते.

अमेरिकेतल्या मुलाला राहतं घर बक्षीस देता येतं, शेतजमीन नाही. शेतजमीन फक्त वारशाने. त्याच्या हिश्श्याच्या विक्रीवर २० टक्केवाला पर्याय नाही, तो इथल्या रहिवाशांनाच. घेणाऱ्याने त्याच्या पैशातून नेहमीचा १ टक्का नाही, तर अनिवासी माणसाच्या दराने कर कापायचा, तोही पूर्ण रकमेवर कापला जाण्याची शक्यता. त्यामुळे विक्रीआधीच आयकर खात्याकडून कमी कपातीचं प्रमाणपत्र काढावं लागतं. आणि तिकडे: परदेशी व्यक्तीकडून वर्षात १ लाख डॉलरच्या वर बक्षीस किंवा वारसा मिळाला तर अमेरिकेत फॉर्म ३५२० भरावा लागतो. कर नाही, पण न भरल्याचा दंड रकमेच्या २५ टक्क्यांपर्यंत जातो. त्याला हे आजच कळवा.

चावडी_८अ

नोंदींचं मी सांगतो.

पहिलं काम, वडिलांच्या नावाने आज काय उतरतंय ते बघा. विश्रामबाग भागात काही प्लॉटना मिळकत पत्रिका आहे, काहींचा अजून बिनशेती सातबारा. पत्रिका असेल तर नगर भूमापन (सिटी सर्व्हे) कार्यालय, सातबारा असेल तर तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं). चुकीच्या टेबलावर अर्ज दिला की दोन महिने तिथेच. पत्रिकेवरचं क्षेत्र आणि खरेदीखतातलं क्षेत्र जुळतंय का तेही बघा. फरक असेल तर बक्षीसपत्राआधी मिटवा, नंतर मुलांना तो मूळ मालकाविना मिटवावा लागेल.

२०१९ किंवा २०२१ च्या पुरात ज्यांची कागदं गेली त्यांच्यासाठी: दस्ताची प्रमाणित नक्कल दुय्यम निबंधकाकडे मिळते. ऑनलाइन शोध आपल्या जिल्ह्यांत साधारण २००२ पासूनचा, १९९१ साठी कार्यालयातली सूची हातानेच चाळावी लागते. वर्ष आणि लिहून घेणाऱ्याचं नाव नक्की ठेवा.

हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत कळवायचं असतं. फेरफार नोंदवला की हितसंबंधितांना नोटीस, हरकतीला १५ दिवस, मग मंजुरी. मृत्यूनंतर वारस नोंदीला दाखला, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र आणि सगळे वारस. लग्न झालेल्या मुलीचं नाव "ती काही मागत नाही" म्हणून गाळू नका. गाळलेलं नाव पुढे विक्रीच्या वेळी वर येतं आणि बँकेचा वकील फाइल परत पाठवतो. बँका कधी कधी "सक्सेशन सर्टिफिकेट आणा" म्हणतात, ते ठेवी आणि येण्यांसाठी असतं. घरासाठी कोर्टातून आणायचंच झालं तर १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खालचा वारस दाखला.

फेरफार आणि घरपट्टी मालकी देत नाहीत, हे विसरू नका. नाव लागलं म्हणजे मालक झालो, असं नव्हे. मालकी दस्ताने किंवा वारशाने येते. घरपट्टी, पाणीपट्टी, महावितरण ही तीन नावं शेवटी बदलायची, सूची क्रमांक २ हातात आल्यावर.

आता तासगावकडचं घर. ते याच दस्तात घालू नका. नमुना ८ वर (ग्रामपंचायतीचा घराचा उतारा) आजोबांचं नाव म्हणजे वडिलांचा हिस्सा अजून कागदावर आलेलाच नाही. आधी १९७८ ची वारस नोंद, त्यात वडील, काका, दोन्ही आत्या, आणि आजी त्या वेळी हयात असेल तर तीही. आत्या गेल्या असतील तर त्यांची मुलं-मुली. स्वामित्व योजनेत ड्रोन मोजणी होऊन सनद (मालकीचा कागद) निघाली असेल तर ती कुणाच्या नावे निघाली ते लगेच बघा. मोजणीच्या वेळी घरात राहणाऱ्या एकाचंच नाव सांगितलं गेलं, असं बऱ्याच गावांत झालंय.

आत्या हक्क सोडणार असतील तर इथे मात्र हक्कसोडपत्र चालतं, कारण हक्क खरोखर आलेला आहे. वडिलोपार्जित मिळकतीत भाऊ-बहीण वगैरे जवळच्या नात्यात ठरावीक मुद्रांक आहे, ऑक्टोबर २०२४ मध्ये तो २०० वरून ५०० रुपये झाला. (वर शाहूपुरीवाल्या वकीलसाहेबांनी "वडिलोपार्जित" शब्द टाळा म्हटलं, इथे तो हवाच. सवलत त्या शब्दावर आहे.) कुणाच्या लाभात सोडलाय ते नाव घालून लिहा. नुसतं "हक्क सोडला" लिहिलं तर तो काकांच्याही पदरात पडतो. पैसे देऊन सोडवून घेत असाल तर तसं लिहा, मग त्या हिश्श्यावर खरेदीसारखं शुल्क. बिनमोबदला लिहून पाकिटात पैसे द्यायचे, हा प्रकार पुढे आत्याच्या मुलांनी उकरला की दस्तच संशयात येतो.

साताऱ्याकडच्या वाचकांसाठी एक. कोयना, धोम, उरमोडी अशा धरणांच्या पुनर्वसनातले प्लॉट बऱ्याचदा भोगवटादार वर्ग २ (सरकारी अटींवर दिलेले) असतात. तिथे मुलाला बक्षीस द्यायलाही आधी परवानगी लागते, नाहीतर शर्तभंगाची नोटीस येते. वारस नोंदीला ती अडचण नाही.

विश्रामबागकर

म्हणजे विश्रामबागेसाठी मृत्युपत्र, गावच्या घराची वारस नोंद आधी. एकच राहिलं. पुढे मन बदलून बक्षीसपत्र करायचंच झालं, तर धाकट्याला सहीसाठी यावंच लागेल का?

दस्तवाला

नाही. पण बक्षीस देणारा जिवंत असतानाच स्वीकार व्हायला लागतो, त्यामुळे "तो दिवाळीत आला की सही करेल" असं ठेवू नका. त्याने तिकडे भारतीय वकिलातीत जाऊन, किंवा तिथल्या नोटरीसमोर करून अपोस्टिल (दुसऱ्या देशात चालणारं सरकारी प्रमाणीकरण) घेऊन, "बक्षीस स्वीकारणे व नोंदणीस हजर राहणे" एवढ्यापुरतं कुलमुखत्यारपत्र पाठवावं. भावाच्या नावे नको, तो स्वतः घेणारा आहे. आईच्या किंवा बहिणीच्या नावे करा. भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथला मुद्रांक भरून घ्यायचा, म्हणून पाकिटावरची पोचल्याची तारीख आणि कुरिअरची पावती फाडून टाकू नका.